मधल्या फळीवरची वहिनी

दोन भावांच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये म्हणतात. वहिनीला पडायची सोयच नव्हती, ती लग्न करून थेट मधोमधच उतरली होती. थोरला तिचा नवरा आणि धाकटा तिचा दीर. थोरल्याने उभं आयुष्य सिटी बस चालवली. आता रिटायर होऊन तो घर चालवायला बघत होता आणि ते काही जमत नव्हतं. धाकट्याचं गाड्यांचं गॅरेज. त्याची बायको लवकर गेली, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात, त्यामुळे तो गॅरेजमध्येच जेवायचा आणि दिवसभर गाड्यांशीच बोलायचा. दोघेही कामात हुशार. बाकी बाबतीत, वहिनी म्हणायची, देवाने दोघांत मिळून एकच डोकं दिलं, आणि तेही आज कोणाकडे आहे ते कळत नाही.

वहिनीचं स्वतःचं बाजाराच्या गल्लीत एक चिंचोळं दुकान होतं, कपडे अल्टर करायचं. नवीन काही ती शिवायची नाही. पँट आखूड करायची, कमरेला जागा करून द्यायची, चेन बदलायची. कुठलाही कपडा हातात आला की आधी उलटा करून शिवणीत माया, म्हणजे जादा कापड, किती सोडलीय ते बघायची आणि मगच हो किंवा नाही म्हणायची. लोकांची पोटं वाढतात आणि ती कबूल करायची त्यांची तयारी नसते, यावर तिचं दुकान चाललं होतं. "धुतल्यावर आटलं असेल हो," असं ती प्रत्येकाला म्हणायची आणि गिऱ्हाईक खूश होऊन जायचं.

भांडण बोटीवरून झालं होतं. सासऱ्यांनी मरायच्या आधी घर विकलं आणि बोट तेवढी मागे ठेवली. तळ्यावरची जुनी लाकडी मोटरबोट, पुढे कोंबड्यांच्या खुराड्याएवढी केबिन, मागे इंजिन. घराचे दोन भाग करता येतात, बोटीचे करता येत नाहीत, तेव्हा पोरं एकत्र राहतील, असा त्यांचा विचार असावा. बापाला पोरं कळलीच नव्हती, दुसरं काय. एकदा थोरला परगावी गेलेला असताना धाकट्याने बापाच्या वेळचं इंजिन काढलं, भंगारवाल्याला देऊन टाकलं आणि त्या जागी दुसरं, चांगलं बसवलं. दादा आल्यावर खूश होईल, ही त्याची अक्कल. दादा आला, त्याने झाकण उचललं आणि धक्क्यावरच्या सगळ्यांच्या देखत म्हणाला, "बापाला भंगारात घालून आलास की रे." धाकटा म्हणाला, "तुझ्यापेक्षा भंगारवाला बरा. तो निदान थँक्यू म्हणाला." झालं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद, त्याला आता दहा-अकरा वर्षं होत आली होती.

शहाणी माणसं अशा वेळी बोट विकतात. यांनी वाटणी केली. बोटीत मधोमध बसायची एक आडवी फळी होती. फळीच्या पुढचं सगळं थोरल्याचं, मागचं सगळं धाकट्याचं. चाक पुढे, इंजिन, गिअर आणि सुकाणू मागे. थोरल्याने इंजिनाकडे बघायचं नाही, धाकट्याने चाकाला हात लावायचा नाही. म्हणजे वळवणार एक आणि पळवणार दुसरा, आणि दोघांचा एकमेकांशी अबोला. अशी बोट जगाच्या पाठीवर दुसरी असेल असं वाटत नाही. आणि ती चालायची, कारण मधल्या फळीवर वहिनी बसलेली असायची.

पुढून थोरला म्हणायचा, "सांग त्या गाढवाला, इंजिन आहे का पिठाची गिरणी." वहिनी मागे वळून म्हणायची, "भाऊजी, आवाज जरा ऐकता का? तुमच्याइतकं कोणाला कळतंय." मागून धाकटा म्हणायचा, "वहिनी, सांगा म्हाताऱ्याला, कान गेले असतील तर डॉक्टरला दाखव." वहिनी पुढे वळायची. "बघतो म्हणाले. दादाने सांगितलं म्हणजे काहीतरी असणारच, म्हणाले." थोरला हुं करायचा. हुं म्हणजे त्याच्या हिशेबी आरती ओवाळल्यासारखंच. एवढ्या वर्षांत एकाची एक शिवी दुसऱ्यापर्यंत पोचली नाही. वहिनीला याचा अभिमान होता, आणि का नसावा? जिभा यांच्या सुटायच्या आणि निस्तरायचं तिने.

पण त्या वर्षी थंडी सुरू होताना धाकटा दुकानात आला. जॅकेटची चेन बदलायला म्हणून आला होता, पण जॅकेट टेबलावर टाकून स्टुलावर बसून राहिला. मग म्हणाला, "गॅरेज बंद करतोय, वहिनी. उन्हाळ्यात पोरीकडे जातो. कायमचा. बोटीतला माझा अर्धा भाग दादालाच देऊन टाकतो. सांगा त्याला."

वहिनीने घरी येऊन सांगितलं. थोरला म्हणाला, "जाऊ दे, मला काय," आणि साखरेचा डबा फ्रिजमध्ये ठेवून दूध कपाटात ठेवलं. वहिनीने दोन्ही गुपचूप जागच्या जागी ठेवलं. थोरल्याच्या हृदयाचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेलं. धाकट्याचे गुडघे गेलेले. एकदा हा तिकडे गेला की येणार कशाला? आणि मग एके दिवशी इकडून किंवा तिकडून फोन जाणार, आणि उरलेला म्हातारा जन्मभर तोंड दाबून बसणार. जायच्या आधी या दोघांनी एकमेकांशी सरळ एक वाक्य बोलावं, एवढंच तिला हवं होतं. शिवी दिली तरी चालेल, पण तोंडाने द्यावी.

म्हणून तिने दोन थापा मारल्या. धाकट्याला सांगितलं, "हे म्हणतात, बोट अशी मोडकी ठेवून जाऊ नकोस, बापाची आहे. तुझ्या हातची नीट होऊ दे." थोरल्याला सांगितलं, "भाऊजी म्हणतात, जायच्या आधी दादाला बोट नवी करून द्यायची आहे." दोघांनीही आधी नाक मुरडलं आणि मग दुसऱ्याच दिवशी हत्यारं शोधायला लागले.

बोट तळ्यातून काढून ॲडमिरलच्या शेडमध्ये ठेवली. ॲडमिरल म्हणजे बोटींच्या यार्डाचा मालक. त्याला सगळे ॲडमिरल म्हणत, कारण त्याला पोहता येत नव्हतं आणि बोटीत बसला की ओकायचा. शेड पत्र्याची, आत बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा. वहिनीला वाटलं होतं, एवढ्याशा जागेत दोघं किती दिवस गप्प राहतील? पण तिने आपल्या माणसांना कमी लेखलं होतं. थोरला सकाळी यायचा आणि दुपारी जायचा. धाकटा गॅरेज आटोपून संध्याकाळी यायचा. एकदा तिने नवऱ्याला मुद्दाम औषधाच्या निमित्ताने सकाळी घरी अडकवलं आणि संध्याकाळी शेडकडे पिटाळलं. त्याने बाहेर धाकट्याची गाडी बघितली आणि ॲडमिरलच्या ऑफिसात जाऊन गेल्या महिन्याचे पेपर वाचत बसला. आत धाकट्याला ते कळलं, तर तो बाहेरची गाडी निघून जायची वाट बघत इंजिनाच्या खड्ड्यात बसून राहिला. गाडी त्याचीच होती, ती कशी निघणार, एवढंही त्याला सुचलं नाही. वहिनीने दोघांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काम मात्र दोघांचं बघण्यासारखं. थोरल्याने तळाचा जुना रंग खरवडून काढला, कुजलेली एक फळी बदलली, भेगांत लांबी भरली आणि पॉलिश पेपरने घासून घासून बोट अशी गुळगुळीत केली की ॲडमिरल हात फिरवायला रोज एक चक्कर मारायचा. पुढचे दिवे नवे, काच नवी, वायरिंग नवं, कारण जुनं उंदरांनी खाल्लं होतं. धाकट्याने इंजिन बदललं, पाणी साचलं की आपोआप सुरू होणारा पंप बसवला, पाण्यातला पंखा सरळ करून घेतला. ॲडमिरल म्हणाला, आता एवढं करताच आहात तर गिअर पुढे घ्या, एकच माणूस चालवेल. पण त्यासाठी धाकट्याच्या हद्दीतून थोरल्याच्या हद्दीत केबल न्यायला लागली असती, आणि त्यावर दोघांचंही एकमत झालं की नाही म्हणजे नाही. वहिनीने गाद्यांना नवं रेक्झिन शिवलं. स्वतःच्या फळीसाठी तिने फोम जरा जाड घेतला.

आणि निरोप चालूच. रोज दुपारी ती थोरल्याचा रिकामा डबा न्यायला यायची, संध्याकाळी धाकट्याचा भरलेला द्यायला. नवीन इंजिन बसवलेलं बघून थोरला हद्दीच्या अलीकडूनच वाकून म्हणाला, "ठीक आहे. पडणार नाही." थोरल्याच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं. संध्याकाळी धाकट्याकडे पोचेपर्यंत त्याचं "असं काम आख्ख्या तळ्यावर कोणाचं नाही" झालं होतं. धाकट्याने डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "खरंच असं म्हणाला?" वहिनी म्हणाली, "मी कशाला खोटं बोलू?" त्याने पुन्हा झाकण उचलून इंजिन पुसलं, तेवढ्यात दोनदा. वहिनीला बरंही वाटलं आणि चुटपुटही लागली.

थंडी ओसरायला लागली तेव्हा सुकाणूचं काम उरलं होतं. चाकापासून दोन केबल बोटीच्या दोन बाजूंनी मागे सुकाणूपर्यंत जायच्या. पुढचा अर्धा भाग थोरल्याने टाकला, मागचा धाकट्याने, आणि दोन्ही तुकडे फळीखाली जोडले. एका सकाळी थोरल्याने चाक उजवीकडे फिरवलं, बोटीच्या मागे जाऊन बघितलं, तर सुकाणू डावीकडे. डावी केबल उजवीला जोडली गेली होती. कोणाची चूक ते देव जाणे. थोरल्याला मात्र लगेच कळलं कोणाची ते. वहिनी दुपारी आली तेव्हा तो म्हणाला, "सांग त्या गाढवाला, सगळं उलटं जोडून ठेवलंय. मी इथे पुढे बदलून घेतलं. आता त्याने हात लावू नये. अजिबात हात लावू नये म्हणावं, त्याला अक्कल नाही."

आता हा निरोप. वहिनीने रस्त्याने जाताना तो मनात उलटसुलट करून बघितला. गाढव काढलं. अक्कल काढली. "हात लावू नये" हे तिला फारच लागट वाटलं, जायला आलेल्या माणसाला असं कसं सांगायचं, म्हणून तेही काढलं, आणि त्याच्याबरोबर 'मी बदलून घेतलं' हे टोचणारंही. मग राहिलेलं फारच तुटक दिसायला लागलं, म्हणून थोडं पदरचं घातलं. संध्याकाळी ती म्हणाली, "भाऊजी, केबलचं काम झकास झालंय म्हणाले. फक्त जरा उलटं लागलंय, एवढंच." धाकटा खुशीत होता. एवढंच ना, म्हणत तो मागे गेला आणि सुकाणूपाशी दोन्ही केबल बदलून टाकल्या. चाक फिरवून बघायला त्याला पुढे जायला लागलं असतं, आणि चाकाला तो हात लावत नाही. थोरल्याचं आधीच बघून झालेलं, तो पुन्हा कशाला बघतोय. दोघांनी एकच चूक एकेकदा दुरुस्त केली आणि पहिल्यासारखी करून ठेवली.

बोट पाण्यात सोडायच्या दिवशी हवा छान होती. ट्रॅक्टरने ट्रॉली उतारावरून पाण्यात ढकलली, बोट तरंगली, पंप एक थेंब न उपसता गप्प राहिला. ॲडमिरल डिझेलच्या पंपापाशी तरंगत्या धक्क्यावर उभा राहून हात हलवत होता, जणू सगळं त्यानेच केलं. थोरला चाकावर बसला, धाकटा गिअरपाशी, वहिनी मधे, मांडीवर चहाचा थर्मास. धाकट्याने इंजिन सुरू केलं आणि ते खरोखरच इतकं गोड चाललं की थोरला काहीतरी म्हणायला वळला आणि मग आठवून पुढे बघायला लागला. वहिनीने ते पाहिलं. आजही काही होणार नाही, हे तिला त्या क्षणी कळून चुकलं. फिरून यायचं, बोट बांधायची, धाकटा सामान बांधणार आणि जाणार. तिला रडू यायला लागलं.

आणि तेव्हाच दुसरी गोष्टही कळली, जी तिला कधीच कळायला हवी होती. हे बोलतील कशाला? बोलण्याचं काम बिनबोभाट होतंय की. गोड, मऊ, बसायला जाड फोम घातल्यासारखं होतंय.

सरळ जाईपर्यंत सगळं ठीक होतं. मग समोर नांगरलेल्या दोन बोटी आल्या म्हणून थोरल्याने चाक उजवीकडे घेतलं. बोट डावीकडे वळली. त्याने अजून उजवीकडे घेतलं, बोट अजून डावीकडे गेली आणि गोल वळून थेट डिझेलच्या धक्क्याकडे निघाली. तीस वर्षं बस चालवलेला माणूस, त्याचा हात जन्माच्या सवयीने तेच तेच करत होता. ॲडमिरलचा हलणारा हात हळूहळू थांबला.

"सांग त्याला, मागे घे," थोरला म्हणाला.

वहिनीने तोंड उघडलं आणि मिटलं.

"अगं, सांग ना. मागे घे म्हणावं."

"वहिनी," मागून धाकटा म्हणाला, "विचारा त्याला, डोळे मिटून चालवतोय का."

वहिनीने थर्मासचं झाकण काढलं आणि त्यात चहा ओतायला घेतला. अर्धा चहा साडीवर सांडला, पण ती ओतत राहिली. बोट फुटू दे, धक्का फुटू दे, ॲडमिरल पाण्यात पडू दे. कोणीतरी काढेल त्याला. ती एक अक्षर बोलणार नव्हती.

थोरल्याने तिच्याकडे बघितलं, धक्क्याकडे बघितलं, आणि मग अख्खा मागे वळून, तिच्या डोक्यावरून ओरडला, "अरे गाढवा, मागे घे."

धाकट्याने तत्क्षणी गिअर मागे टाकला. पाणी घुसळलं, बोट थरथरली आणि धक्क्याला टांगलेल्या टायरला हलकेच टेकून थांबली. ॲडमिरल तोवर पळून किनाऱ्यावर पोचला होता. धाकट्याने इंजिन बंद केलं.

"गाढव कोणाला म्हणतोस?" तो म्हणाला.

"तुला. उलटं कशाला जोडलंस?"

"तूच निरोप पाठवलास ना, उलटं लागलंय म्हणून. मी सरळ केलं."

"मी हात लावू नको म्हणून निरोप पाठवला. मी पुढे बदललं होतं."

"हात लावू नको असं कुठे म्हणालास? काम झकास झालंय म्हणालास."

"झकास?" थोरला म्हणाला. "मी? मेलो तरी म्हणणार नाही."

मग दोघांनी एकाच वेळी फळीकडे बघितलं. वहिनी चहा प्यायली. चहा थर्मासमध्येच गार झाला होता.

"आणि आख्ख्या तळ्यावर असं काम कोणाचं नाही?" धाकट्याने हळूच विचारलं.

"ठीक आहे, पडणार नाही, एवढं म्हणालो होतो मी. आणि तू रे? दादाने सांगितलं म्हणजे काहीतरी असणारच, असं म्हणायचास ना?"

"मी तुला बहिरा म्हणायचो."

"आणि मागच्या वाढदिवसाला स्वेटर पाठवलास तो?"

"कसला स्वेटर?"

"दुकानात पडून होता," वहिनी म्हणाली. "ज्याचा होता तो न्यायलाच आला नाही."

थोरल्याने अंगातल्या स्वेटरकडे बघितलं. तोच होता. त्याला राग यायला हवा होता आणि तो येतही होता, पण चेहरा भलतीकडेच चालला होता. दहा-अकरा वर्षांत भावाने आपल्याला एक बरा शब्द पाठवला नाही, हे त्याला आत्ता कळत होतं, आणि तिकडे धाकट्यालाही तेच कळत होतं. दोघंही अशी तोंडं करून बसले की वहिनीला वाटलं, काय करून बसले मी. होतं ते खोटं होतं, पण होतं तरी.

"म्हणजे ऑपरेशनच्या वेळचंही हिचंच," थोरला म्हणाला. आवाज खाली आला होता. "तू दोन दिवस हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून होतास, असं सांगितलं होतं मला हिने. म्हटलं, असेल. आता कळलं."

धाकटा गिअरच्या दांड्याशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "ते खरंय. सांगू नका म्हटलं होतं मी, वहिनी."

सगळ्या निरोपांत तेवढा एकच वहिनीने जसाच्या तसा दिला होता.

"मग वर का नाही आलास?" थोरला म्हणाला.

"तू कुठे बोलावलंस?"

"शुद्धीवर आल्यावर पहिलं तुझंच विचारलं मी. आला का म्हणून. विचार हिला."

धाकटा वहिनीकडे बघत राहिला. वहिनीला त्याच्याकडे बघवेना. थोरल्याने ऑपरेशननंतर डोळे उघडून विचारलं होतं खरं, आणि वर म्हणाला होता, त्याला कळू देऊ नकोस. जन्मात नवऱ्याचं एक वाक्य जसंच्या तसं पाळलं, तेही हेच. माणूस खाली पार्किंगमध्ये बसलेला तिला माहीत होता. जिना उतरायचा तेवढा राहिला. एवढी वर्षं नाही नाही ते गोड सांगत बसले आणि जे खरंच गोड होतं ते गिळून टाकलं, या विचाराने तिचा जीव नकोसा झाला.

"खरं आहे, भाऊजी," ती म्हणाली.

"एवढं एक तरी सांगायचं होतं, वहिनी," धाकटा म्हणाला आणि डोळे पुसायला त्याने इंजिनाचं फडकं घेतलं, त्यामुळे तोंडाला सगळं तेल लागलं.

"तिला काय विचारतोस," थोरला म्हणाला. "आता मी सांगितलं ना तुला."